नाडी पाहा, मग पळा

स्पर्धांचे दिवस जवळ आले की आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. ही मंडळी आजारी नसतात. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म असतो आणि "डॉक्टर, फक्त एक सही पाहिजे" एवढीच मागणी असते. सदर व्यक्ती पळण्याच्या स्पर्धेत भाग घेण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र आहे, असा मजकूर त्यावर छापलेला असतो. बाकावर तापाचे, जुलाबाचे पेशंट ताटकळत बसलेले असतात. समोरचा मनुष्य काटक, हसतमुख आणि बहुधा ओळखीचा असतो. सही करायला दहा सेकंद लागतात. मीही अशा सह्या वर्षानुवर्षे केल्या. आजचा लेख त्या सह्यांमुळेच लिहावासा वाटला.

आपल्याकडे पळण्याचे वेड वाढले आहे आणि ते चांगलेच आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. आपल्या साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात एकवीस किलोमीटरची हिल मॅरेथॉन होते. पूर्वी चाळिशी ओलांडलेला मनुष्य रस्त्याने पळताना दिसला, तर लोक काळजीने विचारीत, "काय झाले हो?" आता पहाटे साडेपाचला शिक्षक, व्यापारी, बँकेतले लोक आणि गृहिणीसुद्धा पळताना दिसतात. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी शिरलेले असताना कोणत्याही डॉक्टरला याचा आनंदच वाटेल. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख पळण्याच्या विरोधात नाही. हृदयाचा ताल बिघडलेल्या माणसाने किती आणि कसे पळावे, चालावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

माझी चूक

आमच्या गावात हायस्कूलचे एक सर आहेत. त्यांच्या परवानगीने, नाव न देता, त्यांची हकीकत सांगतो. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी पळायला सुरुवात केली. नऊ वर्षांत त्यांनी कितीतरी हाफ मॅरेथॉन आणि दोन पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे प्रत्येकी बेचाळीस किलोमीटरहून थोड्या अधिक अंतराच्या शर्यती पूर्ण केल्या. दर वर्षी त्यांच्या फॉर्मवर सही माझी असे. एके दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, छातीत बेडूक उडी मारल्यासारखे होते. पळताना नाही, रात्री जेवून पडलो की होते." मी मनगट हातात घेतले. नाडीला ना ताल होता ना ठेका. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन भराभर. ई.सी.जी. काढला आणि निदान झाले, एट्रियल फिब्रिलेशन.

मी घाबरलो. आजवर ठणठणीत म्हणून सह्या केलेला मनुष्य हृदयरोगी निघाला होता. मी त्यांना सांगितले, "सर, आजपासून पळणे बंद. जिना जपून चढा, सायकल नको, विश्रांती घ्या." त्यांनी माझे ऐकले. सहा महिन्यांत त्यांचे वजन नऊ किलोने वाढले, रक्तदाब चढला, साखर सीमेवर आली. पहाटे मित्र पळायला जाताना दिसले की ते खिडकी लावून घेत, असे वहिनींनी मला सांगितले. आणि ज्यासाठी हे सगळे केले, ती धडधड कमी न होता वाढली.

शेवटी पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे त्यांना पाठवले. त्यांनी तपासण्या पाहून पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला घरी बसायला कोणी सांगितले?" सरांनी सौजन्याने माझे नाव घेतले नाही. मी मात्र ते आज इथे घेतो. हृदयाचा ताल बिघडला म्हणून माणसाला खाटेवर बसवणे ही माझी चूक होती. पण त्याआधीची नऊ वर्षे नाडी न पाहता सही करणे ही तितकीच मोठी चूक होती.

ताल बिघडतो म्हणजे काय होते?

हृदयाला चार कप्पे असतात, वरचे दोन आणि खालचे दोन. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो विजेची बारीक लहर सोडतो आणि तिच्यामागोमाग वरचे, मग खालचे कप्पे आकुंचन पावतात. भजनात टाळकऱ्याने ठेका धरावा आणि बाकीच्यांनी तो उचलावा, तसा हा प्रकार आहे. विश्रांतीच्या वेळी हा ठेका मिनिटाला ६० ते १०० असतो. रोज पळणाऱ्यांचा तो ४० ते ५० पर्यंतही उतरतो, आणि चक्कर, घेरी असा काही त्रास नसेल तर ते दमदार हृदयाचे लक्षण समजावे.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत प्रत्येक जण आपापला ठेका धरतो. मिनिटाला साडेतीनशेहून अधिक लहरी उठतात. कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि खालचे कप्पे हाताला लागेल ती लहर उचलतात. म्हणून नाडी अनियमित लागते. धडधड होते, दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही.

खरा धोका धडधडीपेक्षा वेगळा आहे. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साकळते आणि गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. हा विकार असलेल्यांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी लागते. ती कोणाला द्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा अर्धांगवायू अशा गोष्टींवरून ठरते. "मी तर मॅरेथॉन पळतो, मला कशाला गोळी?" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

अति व्यायामाने हा विकार होतो का?

स्वीडनमध्ये पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून नव्वद किलोमीटर जाण्याची 'वासालोपेट' नावाची शर्यत १९२२ पासून भरते. १९८९ ते १९९८ या काळात ती पूर्ण करणाऱ्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकदाच शर्यत पूर्ण करणाऱ्यांपेक्षा पाच किंवा अधिक वेळा ती पूर्ण करणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ शंभरांतल्या तीस जणांना तो विकार झाला असा नव्हे. मूळचा लहान धोका तेवढ्या पटीने वाढला, इतकाच अर्थ घ्यावा. २०१९ साली याच शर्यतीबद्दल आणखी एक अभ्यास आला. त्यात शर्यतीत उतरणाऱ्या स्त्रियांमध्ये हा विकार सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा कमी दिसला, आणि एकंदर स्पर्धकांमध्ये अर्धांगवायूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते.

वर्षानुवर्षे तासन् तास दमवणारा व्यायाम केला की वरचे कप्पे थोडे ताणून मोठे होतात, त्यांच्या भिंतीत बारीक व्रणासारखे धागे तयार होतात, आणि विश्रांतीच्या वेळी हृदयाला संथ करणाऱ्या मज्जातंतूचा जोर वाढतो. सरांना पळताना काही न होता रात्री पडल्यावर धडधड का होई, याचे उत्तर या शेवटच्या कारणात सापडते. म्हणजे व्यायाम हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. अजिबात न घेणारा मनुष्य बिघडतो आणि बाटली तोंडाला लावणाराही बिघडू शकतो. पण आपल्या जिल्ह्यात बाटली तोंडाला लावणारे मूठभर आहेत आणि चमचाही न घेणारे हजारो, हे विसरू नये. वाढलेले वजन, रक्तदाब, दारू, थायरॉइडचा अतिरेक, घोरताना श्वास अडकण्याचा विकार ही एट्रियल फिब्रिलेशनची कितीतरी नेहमीची कारणे आहेत.

मग विकार झाल्यावर?

ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे या विकाराच्या १२० रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना सहा महिने देखरेखीखाली आणि घरी व्यायाम दिला. तो हळूहळू वाढवीत आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत नेला. उरलेल्यांना नेहमीचे उपचार आणि व्यायामाचा सल्ला दिला. वर्षअखेर व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना हा विकार पुन्हा उद्भवला नव्हता. दुसऱ्या गटात हेच प्रमाण सुमारे २० टक्के होते. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरवल्यानेही धडधडीचे झटके कमी होतात, हे त्याच शहरातल्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवले होते.

आमच्या सरांचेही तसेच झाले. तज्ज्ञांनी आधी इको काढून हृदयाची ताकद आणि झडपा पाहिल्या, थायरॉइड तपासले, गोळ्या बसवल्या, आणि मग वीस मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करायला सांगितले. वर्षभराने सर हळूहळू पाच किलोमीटर पळू लागले. झटके पूर्ण गेले नाहीत, पण खूप कमी झाले. घाटातली स्पर्धा त्यांनी सोडली. आता ते पाणी वाटपाच्या टेबलावर उभे असतात. "वाईट वाटते का?" असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "वाटते. पण खिडकी लावून बसण्यापेक्षा हे बरे."

गोळ्यांनी भागले नाही, तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन बिघडलेल्या जागा बंद करण्याचा उपचार आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिले की, या विकाराची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. हा उपचार त्यावरच उभा आहे. तो खर्चिक आहे आणि सगळ्यांना लागतोच असे नाही. सायकलची 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत पाच वेळा जिंकणारे बेल्जियमचे एडी मर्क्स यांनाही २०१३ साली पेसमेकर बसवावा लागला. इतक्या मोठ्या खेळाडूलाही त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, मग आपण का लपवावे?

मावशींची गोळी

दमवणारा व्यायाम म्हणजे शहरातली मॅरेथॉन, असे कोणी समजू नये. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आपली साठीची, सत्तरीची माणसे दर वर्षी चालून जातात. त्यात पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढावा लागतो. पालखी आपल्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. एका वर्षी वाटेवरच्या एका मुक्कामी आम्ही काही डॉक्टर तपासणीला बसलो होतो. पहाटे एका मावशींना झोळीत घालून आणले. तोंड वाकडे, उजवा हात लुळा. नाडी अनियमित. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप आकसली होती. अशा झडपेमुळे एट्रियल फिब्रिलेशन होणे आपल्याकडे नवीन नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी त्यांना कित्येक वर्षे चालू होती. त्यांच्यासोबतच्या बाईंनी पिशवी उघडून रिकामे पाकीट दाखवले. "धाच दिवसांच्या व्हत्या डॉक्टरसाहेब. संपल्या. म्हनली, आता पंढरीस्नं आल्यावर घेऊ."

त्यांना पुढे पाठवले. जीव वाचला, हात मात्र पूर्ववत झाला नाही. गावात लोक म्हणाले, चालणे झेपले नाही. मला हे पटत नाही. त्या आठवडाभर चांगल्या चालल्या होत्या. घात केला तो चुकलेल्या गोळ्यांनी. झडप आकसलेल्या रुग्णांना नवीन प्रकारच्या गोळ्या चालत नाहीत. जुनीच गोळी, रक्ताची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून वारीला किंवा परगावी जाणाऱ्या अशा प्रत्येकाने पूर्ण दिवसांच्या आणि वर आठ दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात, अर्ध्या आपल्याजवळ आणि अर्ध्या सोबत्याजवळ. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

इथे मात्र थांबायचे

आतापर्यंत वरच्या कप्प्यांच्या तालाबद्दल लिहिले. खालच्या कप्प्यांचा ताल बिघडणे ही गोष्ट निराळी आणि फार धोक्याची. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन चालू सामन्यात कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. जागेवरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला वाचवले गेले. नंतर त्याच्या शरीरात ताल बिघडताच आपोआप झटका देणारे यंत्र बसवले आणि २०२२ साली तो पुन्हा मैदानात उतरला. पण असे मैदानात उतरणे तज्ज्ञांनी पूर्ण तपासून ठरवायचे असते, स्वतःच्या हिमतीवर नाही.

पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या तरुणांच्या आईवडिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पळत असताना शुद्ध हरपणे, जोर लागला की छातीत दुखणे, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावलेले असणे, यांतली एक जरी गोष्ट असेल तर ई.सी.जी. आणि इको होईपर्यंत मुलाला पळू देऊ नये. "उपाशी होता म्हणून चक्कर आली" असे म्हणून विषय मिटवू नये.

ताल बिघडलेल्यांसाठी काही नियम

पहिला, आधी तपासणी आणि मग व्यायाम. ताल बिघडल्याचे कळले की ई.सी.जी., इको, थायरॉइड आणि रक्तदाब पाहून घ्यावा.

दुसरा, बोलण्याची कसोटी. व्यायाम करताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. ठोके संथ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी घड्याळातल्या आकड्यांपेक्षा या कसोटीवर भरवसा ठेवावा, कारण गोळीमुळे आकडे कमी दिसतात.

तिसरा, मात्रा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. बहुतेकांना तेवढा पुरे. सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटे संथ असावीत.

चौथा, ताप, जुलाब, रात्रीचे जागरण किंवा दारू यांच्या दुसऱ्या दिवशी पळू नये. धडधड चालू असताना तर मुळीच नाही.

पाचवा, रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी पळण्याआधी मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नये. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डोक्यावर पडलात, तर बरे वाटत असले तरी दवाखाना गाठावा.

सहावा, तोंड वाकडे होणे, हात गळणे, जीभ अडखळणे यांतले काही दिसले की पहिली वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. या वेळेत देवर्षी, मालीश, "सकाळपर्यंत बघू" यांना जागा नाही.

मनगटावरची दोन बोटे

नाडी पाहायला वैद्य असावे लागत नाही. पाच मिनिटे शांत बसावे. तळहात वर करावा. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये, त्याची स्वतःची नाडी फसवते. पूर्ण एक मिनिट मोजावे. आकड्याइतकेच तालाकडेही लक्ष द्यावे. अधूनमधून एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते. सगळाच ताल विस्कटलेला वाटला तर त्याच दिवशी ई.सी.जी. काढावा. हल्ली मनगटी घड्याळेही असा इशारा देतात. इशारा जरूर ऐकावा, पण निदान घड्याळाकडून घेऊ नये.

आता पुन्हा त्या सहीकडे येतो. माझे मत असे आहे की, नाडी न पाहता, रक्तदाब न घेता आणि घरातल्या आजारांचे चार प्रश्न न विचारता कोणाही डॉक्टरने धावण्याच्या फॉर्मवर सही करू नये. ती न मिळाल्याने कोणी नाराज झाला तर होऊ द्यावे. स्पर्धा भरवणाऱ्यांनीही कागद गोळा करून समाधान मानू नये. वाटेवर छाती दाबण्याचे शिक्षण घेतलेली माणसे आणि झटका देण्याचे यंत्र ठेवावे. टी-शर्ट आणि पदकांवर खर्च होतो, मग यावर का होऊ नये?

मी स्वतः आता फॉर्म घेऊन येणाऱ्याला आधी स्टुलावर बसवतो आणि मनगट हातात घेतो. पाच मिनिटे जातात. बाकावरचे पेशंट कुरकुरतात. गेल्या मोसमात अशाच एका किराणा दुकानदाराची नाडी बिघडलेली सापडली. त्याला काहीच त्रास नव्हता. त्या दिवशी मी त्याच्या फॉर्मवर सही केली नाही, पण "घरी बसा" असेही म्हटले नाही. त्याचे उपचार चालू आहेत आणि रोज संध्याकाळी तो चालायला जातो.

वाचकहो, हे वर्तमानपत्र बाजूला ठेवण्यापूर्वी एक मिनिट स्वतःच्या मनगटावर दोन बोटे ठेवा. मग घरातल्या थोरांचीही नाडी पाहा.